यंदाच्या अटी

शेवगावच्या मामलेदार कचेरीत मी कारकून म्हणून लागलो, तेव्हा माझ्या जिभेला लगाम नव्हता. केडगावला घरी वडील मास्तर, त्यांच्यापुढे तोंड उघडायची सोय नव्हती. ती सगळी कसर मी नोकरीत भरून काढत असे. माझी ही खोड एका म्हातारीला वर्षभर भोवली, म्हणून ती आधीच सांगून टाकतो.

माझ्याकडे निराधारांच्या सरकारी मदतीचं काम होतं. ज्यांना कोणी नाही आणि हातून काम होत नाही, अशांना दरमहा थोडी रोख रक्कम मिळे. मदत तीच, पण ती कोणाला द्यायची याच्या अटी दरवर्षी बदलत. मार्च संपला की वरून नवा कागद यायचा. कधी वयाची अट वाढायची, कधी कर्ता मुलगा असेल तर नाव कमी व्हायचं, मग तो मुलगा आईला विचारत नसला तरी. कागद आला की मी सायकल काढायचो आणि यादीतली माणसं यंदाही अटींत बसतात का, ते घरोघर जाऊन बघायचो.

ही म्हातारी एका लहानशा गावाच्या टोकाला, एका खोलीत एकटी राहायची. नवरा केव्हाच गेलेला, मूलबाळ नाही, डोळ्यांनी अंधुक दिसायचं. मी पहिल्यांदा चौकशीला गेलो तेव्हा तिने बसायला पोतं अंथरलं आणि गुळाचा कोरा चहा केला. चहा खरंच चांगला होता. पण नुसतं चांगला म्हणून गप्प बसेन तर तो मी कसला! म्हणालो, "आजी, चहा फक्कड झालाय, पण पुढच्या साली दुधाचा पाजा बरं का." ती तोंडाला पदर लावून हसली. तिचं नाव यादीत कायम ठेवून मी उठलो, आणि पुढच्या घरी पोचेपर्यंत आपण काय बोललो तेही विसरून गेलो.

पुढचं साल बहात्तर. आदल्या वर्षीचा पाऊस हुकलेला, विहिरी तळाला गेलेल्या. त्या वर्षीच्या कागदात नवी अट आली: घरी दुभतं जनावर असेल तर मदत बंद. वर तोंडी ताकीद अशी, की ही अट आधी कुणाला सांगायची नाही, नाहीतर लोक जनावरं लपवतील. लोक काही दूधखुळे नव्हते. मी पहिल्या गावातून बाहेर पडेपर्यंत पुढच्या गावाला बातमी लागलेली असायची आणि शेळ्या रानात गेलेल्या असायच्या. मलाही मग चेव चढला. मी छपरात डोकावून लेंड्या शोधू लागलो. आज आठवलं की माझी मलाच लाज वाटते, पण तेव्हा मजा वाटत होती.

त्याच तोऱ्यात मी म्हातारीच्या दारात पोचलो, तर दाराच्या मेढीला शेळी बांधलेली. बाभळीच्या शेंगा खात ती निवांत उभी होती. म्हातारीने लगबगीने पोतं अंथरलं, बाहेर जाऊन चाचपडत वाटीभर दूध काढलं आणि चहा केला. मी पिऊन संपवेपर्यंत ती समोर बसून होती.

"ग्वाड झालाय का?" तिने विचारलं.

"झालाय," मी म्हणालो, आणि शेळीबद्दल एक अक्षरही विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला तिचा रागच आला होता. निराधार म्हणून पैसे घेते आणि दारात शेळी पाळते! तिच्या नावापुढे मी 'दुभती शेळी एक' असं लिहिलं.

पुढच्या महिन्यात चावडीवर वाटप होतं. नावं पुकारली जात होती, अंगठे उठत होते. म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. सगळे गेले तरी ती तशीच.

"भाऊसाहेब, माजं नाव ऱ्हायलं का?"

मी तिला अट सांगितली. तिने ती नीट ऐकून घेतली.

"आसली अट मला कुनी सांगितलीच न्हाई. आन् ती शेळी माजी कुटली? शेजारनीची ती. तुमी म्हनला हुता न्हवं, पुढल्या साली दुधाचा पाजा. तिला दूध मागाया गेले, तर ती म्हनली, शेळीच ने, भाऊसाहेब आले की ताजं काढ."

सगळा तालुका माझ्यापासून शेळ्या लपवत होता, आणि एका बाईने दुसऱ्याची शेळी दारात आणून बांधली होती, तीही माझ्यासाठी.

मी कचेरीत येऊन अव्वल कारकुनांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "यादी वर गेली. आता एक चुकलं म्हणून लिहिलंस, तर बाकीच्या बरोबर कशावरून? पुढच्या साली घे तिचं नाव." मी लिहिलं नाही. नोकरी कायम व्हायची होती, मी घाबरलो. याला दुसरं कारण नाही.

एकदा खिशातले पैसे घेऊन मी तिच्याकडे गेलो होतो. तिने हात पुढे केला नाही. म्हणाली, "सरकारचं घेत हुते. तुमचं कसं घिऊ?" पुढे दुष्काळी कामं जोरात निघाली. खडी फोडायला तिला दिसत नव्हतं, म्हणून ती बाभळीखाली बसून कामावरच्या बायकांची तान्ही लेकरं सांभाळायची. त्या बायका आपल्या भाकरीतला तुकडा तिला मोडून देत. एकदा सायकलवरून जाताना मी हे पाहिलं, आणि त्यानंतर त्या रस्त्याने जायचंच सोडलं.

वर्ष सरलं, नवा कागद आला. मी तो उभ्याउभ्याच वाचला. जनावराची अट काढून टाकली होती. का घातली होती आणि का काढली, याबद्दल त्यात एक ओळही नव्हती.

त्या वर्षी मी सगळ्यांत आधी तिच्याच घरी गेलो. तिने पोतं अंथरलं, पण चूल पेटवली नाही. समोर बसून राहिली. म्हणाली, "भाऊसाहेब, च्या टाकू का? का यंदा त्येचं बी काय लिवलंय कागदात?"

टोमणा असता तर मला सोसला असता. पण तिला खरोखरच विचारायचं होतं.

अट आधी सांगायची नाही ही ताकीद अजून तशीच होती. मी पिशवीतून कागद काढला आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तिला वाचून दाखवला. अवघड शब्द आला की थांबून त्याचा अर्थ सांगितला. तिने सगळं ऐकलं, एकदा मान हलवली आणि काटक्या पुढे ओढल्या.

चहा कोराच होता. गूळही बेताचाच. मी तो एक शब्द न बोलता प्यालो.