घरून आणलेला अंगठा
शाईच्या पॅडचा वास आला की जे. पी. नगरातलं माझं पहिलं टेबल आठवतं. नोटरीची पाटी लावून पंधरा दिवस झाले, तरी लोक झेरॉक्सच विचारत होते. पहिला पक्षकार आला तो संमतिपत्रावर वडिलांचा अंगठा घरीच घेऊन. "त्यांना इथे आणा," मी म्हणालो. "स्वल्प अ‍ॅडजस्ट करा हो अण्णा," तो इथल्या कानडी ढंगात म्हणाला, म्हणजे थोडं चालवून घ्या, "शेजारचा नोटरी लगेच शिक्का मारतो!" माझे वडीलही अंगठाच उठवतात, म्हणून मी हटलो नाही. तो कुरकुरत म्हाताऱ्या वडिलांना घेऊन आला. मी कागद मोठ्याने वाचला. "घर तुझ्या नावावर? पेन्शनचा कागद म्हणालास ना!" म्हातारे उठून गेले, माझा शिक्का कोरडाच राहिला. आता त्यांनीच पाठवलेली त्यांची सगळी गल्ली माझ्याकडे येते, आणि तीही घरून आणलेला अंगठा पुढे करत म्हणते, "स्वल्प अ‍ॅडजस्ट करा."