शेऱ्याचा रकाना

आमच्या गावचा इतिहास नगरपालिकेच्या जिन्यात टांगलेला आहे. तळमजल्यापासून सभागृहाच्या दारापर्यंत एकोणीस नगराध्यक्षांच्या तसबिरी, आणि प्रत्येकीखाली त्याने गावासाठी काय केलं त्याची पितळी पट्टी. एकाने पूल बांधला, दुसऱ्याने पुलाला कठडा बसवला, तिसऱ्याने कठड्याला रंग दिला. पुढचे बहुतेक जण रंगच देत आले. नदीचा उल्लेख एकाही पट्टीवर नाही. जणू पूल हौस म्हणून बांधला होता.

माझा मामा इथे एकतीस वर्षं पाणी मोजायच्या कामावर होता. गाव त्याला फूटपट्टीमामा म्हणतं. पुलाच्या मधल्या खांबावर फुटांचे आकडे रंगवलेले असतात. ते सकाळी सात आणि संध्याकाळी पाच वाजता वाचायचे आणि नोंदवहीत लिहायचे, एवढंच काम. चौदा फुटांवर तांबडी रेघ. पाणी तिला टेकलं की पूर आला, असं कार्यालयाने जाहीर करायचं. स्वतःच्या लग्नाच्या दिवशीही मामाने सातचं पाणी चुकवलं नाही. मामी म्हणते, "मला बघायला आले तेव्हा आधी उंची विचारली, मग नाव."

नवा नगराध्यक्ष आला की खांबावरचे आकडे खरवडून पुन्हा रंगवायचे, ही आमच्याकडची पद्धत. नऊ वर्षांपूर्वी एकोणिसावे अध्यक्ष निवडून आले, तेव्हा नदीला पाच फूट पाणी होतं आणि रंगाऱ्याला पोहता येत नव्हतं. होडीत बसल्या बसल्या, पाणी जिथे टेकलं होतं तिथेच त्याने शून्य काढलं आणि तिथून वर मोजत चौदावर नवी तांबडी रेघ ओढली. शून्य तळाशी धरायचं असतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मामा धावत वर अध्यक्षांकडे गेला.

"साहेब, पट्टी पाच फूट वर सरकलीय."

"आकडे लांबून दिसतात ना?"

"दिसतात, पण..."

"मग झालं तर! किती बारीक बघता हो तुम्ही!"

मामाने आयुष्यात वरिष्ठांना कधी 'नाही' म्हटलेलं नव्हतं. तो खाली आला.

त्या दिवसापासून आमच्या गावाला पूर येणं बंद झालं. पाणी पूर्वीसारखंच खालच्या आळीत शिरायचं, धाकट्या मावशीच्या स्वयंपाकघरात फिरायचं, पण खांबावरचा आकडा नऊच्या पुढे सरकायचा नाही. तांबडी रेघ बुडेपर्यंत मावशीचं छप्पर वाहून गेलं असतं. ती ट्रंका माळ्यावर चढवत असताना वेशीवर 'पूरमुक्त नगर' असा फलक लागत होता. उन्हाळ्यात तर आणखी मजा. पाणी शून्याखाली जाई. हेडक्लार्कने बजावलं, "शून्याखालचा आकडा लिहू नका, वरून विचारणा होते." त्यामुळे वर्षातले आठ महिने आमची नदी कागदोपत्री ठणठणीत कोरडी असते आणि तिच्यावरून होड्या चालतात.

मामा निवृत्तीला आला त्या वर्षी मी स्थापत्याची पदविका घेऊन नुकतीच घरी आले होते, डोक्यात सगळं ताजं. मामाला म्हटलं, "तू इतकी वर्षं गप्प बसलास?"

"गप्प कुठे? लिहितोय की."

त्याने नोंदवही पुढे सरकवली. शेवटचा रकाना शेऱ्याचा. इतर खात्यांत त्यात 'निरंक' लिहितात. न्हाव्याच्या दुकानाच्या पायऱ्या खाली नदीत उतरायच्या. त्यांवरून मामाने सात वर्षं रोज दोनदा तो भरला होता: 'पाणी न्हाव्याच्या दुकानाच्या दुसऱ्या पायरीस.' 'पाचवी पायरी बुडाली.' 'न्हाव्याची खुर्ची ओली.' 'धाकटीकडे गुडघाभर.' घरांत पाणी शिरल्याच्या अशा अकरा नोंदी. तीन वर्षं मला नाना उपकरणं शिकवली, न्हाव्याची पायरी कुणी शिकवली नव्हती.

मामाच्या निवृत्तीला महिना उरला असताना वरच्या कार्यालयाचं पत्र आलं. दहा वर्षांत सहापेक्षा जास्त वेळा घरांत पाणी शिरलं असेल, त्या गावाला संरक्षक भिंत मिळणार होती. नोंदवहीची सही केलेली नक्कल पाठवा. मावशी त्याच दिवशी मामाकडे आली.

"दादा, भिंत येणार ना? की पाण्याला सांगू, बाबा रे, तू कागदावर नाहीस, परत जा?"

मामा चष्मा पुसत राहिला.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी त्याला बोलावलं. नक्कल उतरवायला मदतीला म्हणून मीही गेले होते.

"भिंत मागायची म्हणजे पूर येतो म्हणायचं," अध्यक्ष म्हणाले. "मग त्या फलकाचं काय करू? डोक्यावर घेऊ? नक्कल पाठवा, फक्त तो शेवटचा रकाना गाळा. तुमचे निवृत्तीचे कागद माझ्याच टेबलावर आहेत, लक्षात आहे ना?"

"गाळतो, साहेब," मामा म्हणाला. मी पेनाला टोपण लावलं. मामाने घसा साफ केला. "फक्त नकलेवर 'एक रकाना गाळला' असं लिहावं लागेल. आणि कुणाच्या सांगण्यावरून, तेही. नियम तेवीस."

अध्यक्षांनी हेडक्लार्ककडे पाहिलं. हेडक्लार्क पंख्याकडे पाहत होता.

"असा नियम आहे?"

"आहे, साहेब. मागच्या वर्षी आपणच छापून वाटला. वर आपला फोटो आहे," मामाच म्हणाला.

रकान्यासकट नक्कल गेली. तपासणी अधिकारी आला. न्हाव्याने त्याला खुर्चीत बसवलं आणि म्हणाला, "दाढी होईपर्यंत पोरगी पायऱ्या मोजून देईल." मी नदीपासून एकेक पायरी मोजून दिली. नोंदी जुळल्या. भिंत मंजूर झाली. मामाचे निवृत्तीचे कागद टेबलावरून उठायला पाच महिने लागले, कारण टेबल मोठं होतं. 'पूरसंरक्षक भिंत बांधली' ही पट्टी मात्र तसबिरीखाली पंधरवड्यात लागली.

भिंत उभी राहिल्यानंतरच्या पावसाळ्यात मावशीच्या ट्रंका जमिनीवरच राहिल्या. तिने मामाला मुद्दाम बोलावून कोरडी फरशी दाखवली. मामा हसला, पण मन त्याचं दुसरीकडेच होतं.

"भिंतीच्या पायात न्हाव्याच्या सगळ्या पायऱ्या गेल्या गं," तो म्हणाला. "आता पट्टी चुकली तर कळणार कशावरून?"

परवा विसावे अध्यक्ष निवडून आले. सकाळी सात वाजता नवा रंगारी डबा आणि ब्रश घेऊन पुलाखाली आला, तर होडीत मामा आधीच बसलेला.

"ये, बस," मामा म्हणाला. "आणि रंगाचं नंतर बघू. आधी सांग, पोहता येतं का?"