उसन्या कपबश्या

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती. डोंबिवलीतल्या आमच्या चाळीत बायका एकमेकींच्या अडीनडीला धावून जायच्या, याचा मला फार अभिमान होता. त्या अभिमानापायीच आम्ही एकीचं घर बुडवलं.

ती माझी शेजारीण. नवरा टायफॉइडने गेला, पदरात दोन मुली. हातशिवणीवर दोन वेळचं भागत नव्हतं. कोकणातला दीर म्हणत होता, इकडे या, शेतावर हात हवेतच. म्हणजे मुलींची शाळा संपली. मुंबईतला एक धर्मादाय निधी निराधार बायकांना शिवणाचं मशीन देतो असं कळलं, तेव्हा अर्ज मीच लिहून दिला. उत्तर आलं, की आमचे गृहस्थ घर पाहून जातील.

माणूस घरी येणार म्हटल्यावर आमच्या अंगात वारं संचारलं. मी माझ्या लग्नातल्या कपबश्या काढल्या. कोणी वेताच्या खुर्च्या दिल्या, कोणी पितळेचे डबे लखलखीत घासून तिच्या फळीवर मांडले. मुलींना माझ्या पुतणीचे फ्रॉक घातले.

"वहिनी, कशाला हो एवढं?" ती म्हणाली.

"गप्प बस गं. पाहुण्याला काय जमिनीवर बसवणार?"

गृहस्थ धोतर सावरत भातखाचरांच्या बांधावरून चालत आले. खुर्चीत बसले, आमच्या रेशनच्या साखरेचा चहा प्याले. भला माणूस होता. फळीकडे पाहून त्यांनी हळूच विचारलं, "हे सगळं तुमचंच ना?"

तिने दाराशी उभ्या असलेल्या आम्हा बायकांकडे पाहिलं. आता बोलायला हवं, हे मला कळत होतं. पण परक्या पुरुषासमोर तिची अब्रू कशी काढायची?

"हो," ती म्हणाली.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. आपल्याहून गरजू अर्जदार पुष्कळ आहेत. मी खरं काय ते कळवणारी दोन पत्रं धाडली. त्यांचं उत्तर कधीच आलं नाही. स्वतःचा इतका राग मला आयुष्यात पुन्हा आला नाही.

कोकणात निघण्याच्या सकाळी ती निरोप घ्यायला आली. मी त्याच कपात चहा दिला. कप हातात फिरवत ती म्हणाली, "वहिनी, त्या दिवशी माझं घर किती छान दिसत होतं, नाही? मुली अजून बोलतात."

मी तिच्या कपात आणखी थोडा चहा ओतला.