बर्फ वितळेपर्यंत

शिकवायला लागले की मला घड्याळाचं भान राहत नाही. घरचे म्हणतात, तुला घंटा नको, भोंगा पाहिजे. फुलसावंगीच्या बाजूला एका शाळेवर होते, तेव्हाची ही गोष्ट. एप्रिलचा महिना, शाळा सकाळची. साडेअकराला सुट्टी, कारण त्यानंतर आमच्याकडचं ऊन माणसाला रस्त्यावर ठेवत नाही.

त्या दिवशी सातवीला ध्रुवांवरचा बर्फ शिकवायचा होता. रसवंतीवाल्याकडून बर्फाचा मोठा तुकडा गोणपाटात गुंडाळून आणला. काचेच्या दोन भांड्यांत पाणी घेतलं. एकात बर्फ नुसता तरंगत सोडला, हा उत्तर ध्रुव. दुसऱ्यात दगड ठेवून त्यावर बर्फ, हा दक्षिण ध्रुव. दोन्हीकडे पाण्याच्या काठाला कागदाचं एकेक घर चिकटवलं. आता कोणतं घर बुडतं ते पाहा, म्हटलं. पोरं खुश!

घंटा झाली तेव्हा दगडावर मूठभर बर्फ बाकी होता आणि पाणी घराच्या दारापर्यंत आलं होतं. "थांबा रे, दहा मिनिटं," मी म्हटलं. दहाची वीस झाली, वीसची चाळीस. घर बुडालं, पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि मला तर जग जिंकल्यासारखं वाटलं.

बंजाऱ्यांच्या तांड्यावरून येणारी एक मुलगी मागे थांबली. वर्गात सगळ्यात जास्त प्रश्न हिचेच. "मॅडम, गोणपाटातला उरलेला बर्फ नेऊ काय? याडीले दाखवतो." याडी म्हणजे तिची आई. मी हसून म्हटलं, "ने, पण पळत जा, नाहीतर रस्त्यातच पाणी होईल." पळत जा! माझ्याच तोंडचे शब्द. बर्फ रुमालात बांधून ती निघाली.

दीड वाजता मी जेवायला बसले तर फोन. तिची आई. "मॅडम, पोरगी शाळेतच हाये काय? घरी नाई आली अजून." ताट तसंच टाकून स्कूटी काढली.

तांड्याचा रस्ता नुसता उघडा. दोन्ही बाजूला कापसाची पऱ्हाटी उपटलेली वावरं, एक झाड नाही. हँडल हाताला चटके देत होतं. मी तिचं नाव घेऊन ओरडत होते आणि उत्तर येत नव्हतं. इतकी भीती मला माझ्या बाळंतपणातही वाटली नव्हती.

नाल्यावरच्या पुलाखाली, हातभर सावलीत ती पडलेली होती. अंग तव्यासारखं तापलेलं, घामाचा थेंब नाही. हाक मारली तर डोळे उघडेनात. बाटलीतलं सगळं पाणी तिच्या डोक्यावर ओतलं. तेवढ्यात तांड्याकडून तिची आई धावत आली. पोरीला स्कूटीवर दोघींच्या मध्ये धरून आम्ही दवाखाना गाठला.

नर्सबाईंनी तिच्यावर ओल्या चादरी टाकल्या, सलाईन लावलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बर्फ आना कुठून तरी. लवकर!" मी रसवंतीवर धावले. रसवंतीवाला बर्फ फोडता फोडता हसला, "काय मॅडम, अजून एक प्रयोग काय?" मी त्याच्या हातातून बर्फ घेतला आणि पळत सुटले.

तिच्या काखेत, मानेखाली तो बर्फ ठेवत मी बसले. देवा, वितळू नको, वितळू नको, एवढंच मनात. पण तो वितळतच होता.

चार वाजून गेल्यावर तिने डोळे उघडले. आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मॅडम, मी लय पळाली. तरी बर्फ नाई पोचला." आणि माझा चेहरा पाहून म्हणाली, "रागावू नका ना."

मी ढसाढसा रडले. आई पदराने तिला वारा घालत होती. तिने मलाच धीर दिला, "होते मॅडम, ऊनच तसं हाये." मग थोडं थांबून विचारलं, "पण सुट्टी तं साडेअकराले होते ना?"

पोरगी माझ्याकडे पाहत होती. मी काही बोलले नसते तर तीही बोलली नसती.

"मी थांबवून घेतलं होतं," मी म्हटलं. "बर्फ वितळायची वाट पाहत."

तिच्या आईचा पदर हातातच थांबला.