निपाणीत बोटं, कागलात पत्रा

मुलांनो, काल तुमचं पार्सल आलं. कानात घालायची ती दोन पांढरी बोंडं कशी चालू करायची हे मला अजून कळलेलं नाही. पण डबी उघडण्याआधीच मी ती उलटी केली आणि तळाशी बारीक अक्षरांत ती कुठे बनली आहे ते भिंग लावून वाचलं. मग माझं मलाच हसू आलं. ही सवय माझी नव्हे. ती तुमच्या आजोबांच्या आतेभावाची, म्हणजे माझ्या भाऊजींची. गेल्या आठवड्यात त्यांनी बेळगावच्या खासबागेतल्या घराची किल्ली नव्या मालकाच्या हाती दिली. पुढच्या खेपेला तुम्ही याल तेव्हा ते तिथे नसतील, म्हणून आताच लिहून ठेवते.

जगातली एकही वस्तू सरळ न बघितलेला माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे भाऊजी. रेडिओ असो, मिक्सर असो की पाहुण्याचा मोबाईल, ते आधी तो पालथा करत, आणि खिशातला छोटा स्क्रू ड्रायव्हर हाताला लागला तर उघडतही. एका लग्नात आहेराच्या टेबलापाशी ते एकेक खोका उलटा करत होते. नवरीचा मामा संशयाने जवळ आला. "काय बघतायसा ओ?" भाऊजी म्हणाले, "कुठनं आलाय ते." मामा म्हणाला, "माझ्याकडनं आलाय!" "तुमच्याकडनं नव्हं, त्याच्या आधी कुठनं?" मामाला वाटलं, हा आपल्यावर चोरीचा माल आणल्याचा आरोप करतोय. दोघांना सोडवायला तुमच्या आजोबांना अक्षता टाकायच्या सोडून जावं लागलं. भाऊजींचं लक्ष भांडणात नव्हतंच. "वैनी, इस्त्री आपल्याकडची, पण आतला थर्मोस्टॅट लई लांबनं आलाय," एवढं मला सांगून ते पंगतीला गेले.

पंगतीतही सुख नाही. पुढ्यात ताट आलं की त्याचा नकाशा व्हायचा. भात म्हणजे वस्तूचं डिझाइन होतं तो देश, भाजी म्हणजे चिप बनते तो, चटणी म्हणजे स्क्रीनचा, आणि भाकरी म्हणजे जिथे सगळं जोडतात तो. मीठ म्हणजे सरकारची सवलत. मीठ ताटात जिकडे सरकवाल तिकडे भाकरी सरकायची. "कंपनीला देश नसतो वैनी, नुसत्या वाटा असतात. आज हितं शेड घालंल, उद्या मजुरी वाढली की उचलून दुसरीकडं." मी म्हणायची, "भाऊजी, आमटी निवली." "थांबा, अजून बंदरातनं भाईर पडली न्हाय."

आणि ते बसत नसत. माझ्या घरी त्यांनी बसून चहा प्यायल्याचं मला आठवत नाही. एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर, बाहेर स्कूटर चालूच. पेट्रोल जळतंय म्हटलं तर म्हणत, "बंद केली तर परत चालू व्हायची न्हाय." स्कूटरबद्दल म्हणत की स्वतःबद्दल, मला कळायचं नाही.

धंदा म्हणाल तर एक पत्र्याचा डबा. शहापूर-वडगावच्या यंत्रमागाला तो लावला की साडीचा धागा तुटताच माग आपोआप थांबे. एवढासा डबा, पण त्याचा संसार तीन गावांत. आतल्या तांब्याच्या तारेच्या कॉइल निपाणीच्या बायका गुंडाळत. बिडीचं काम कमी होत गेलं तसं त्यांनी हे धरलं होतं. उंबऱ्यावर बसायचं, मांडीवर तेच बिडीचं सूप, फक्त तंबाखूच्या जागी तार. पत्र्याची पेटी कागलला, म्हणजे सीमेपलीकडे महाराष्ट्रात. जोडणी खासबागेत, भाऊजींच्या पुढच्या खोलीत. हे सगळं एका ठिकाणी का करत नाही, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "निपाणीत बोटं हायत, कागलात पत्रा हाय, हितं मी हाय. कंपनी आणि काय असती?" सीमेवरून वाद पेटून एसटी बंद झाली की ते येरझारा घालत आणि येईल त्याला सांगत, "आमची आयात थांबलीया."

मग खरोखरची कंपनी आली. पूर्वेकडच्या कुठल्याशा देशातली. आपल्याकडे चार्जर बनवायला तिने कारखाना घातला होता आणि तिला लहान कॉइल हव्या होत्या. इंग्रजी पत्रव्यवहार माझ्याकडे आला. भाऊजी दारात उभे राहून सांगत, मी टेबलाशी बसून लिही, आणि "लई मोठी" या शब्दांना मेलमध्ये जागा देत नसे. पहिले नमुने निपाणीहून आले तेव्हा आम्ही दोघं डोकं धरून बसलो. म्हणजे मी बसले. बायकांनी प्रत्येक कॉइलच्या तारेची दोन्ही टोकं बिडीच्या तोंडासारखी आत दुमडली होती आणि वर दोऱ्याने बांधून त्यांचे कट्टे केले होते. परक्या साहेबाकडे जाणार म्हणून नीटनेटकं! सर्किटला जोडायला टोकं तर बाहेर हवीत. दुपारभर मी केसांच्या आकड्याने एकेक टोक अलगद बाहेर काढत होते आणि भाऊजी माझ्याभोवती फिरत होते. "रागावू नका वैनी. उघड्या तोंडाची बिडी त्यांच्या हातनं जन्मात गेली न्हाय."

पुढच्या नमुन्यांत टोकं सरळ आली, ते पास झाले आणि कंपनीचा बेंगळुरूचा अधिकारी पाहणीला आला. भाऊजींनी त्याला खासबाग, निपाणी, कागल असं सगळं हौसेने हिंडवलं. त्याने कॉइलची तारीफ केली आणि जाताना एकच अट घातली: सगळं काम एका छपराखाली हवं. उंबऱ्यावरचा माल चालणार नाही. नाहीतर ही ऑर्डर दुसऱ्या राज्यात जाईल.

भाऊजींनी आयुष्यभर ज्या वाटेचं पुराण सांगितलं ती वाट त्यांच्या दारात आली होती. त्यांनी बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत शेड बघितली, बायकांना ने-आण करायला गाडी ठरवली आणि ही आनंदाची बातमी सांगायला निपाणीला निघाले. मीही सोबत गेले. त्या बायकांत वयाने आणि आवाजाने मोठ्या एक आक्का होत्या. त्यांनी सुपातलं काम न थांबवता ऐकून घेतलं.

"आमची बोटं बेळगावला न्हेताय व्हय? मग चूल बी न्ह्या. माझी सासू बी न्ह्या. कंपनीला इचारा, सासूला छप्पर देती का."

बायका खदखदून हसल्या. भाऊजी म्हणाले, "आक्का, चेष्टा नगं. तुम्ही न्हाय आलासा तर दुसऱ्या बायका बघाव्या लागतील."

हसणं थांबलं. आक्कांनी सूप खाली ठेवलं. "बघा की. बिडीवाल्यानं बी असंच सांगितलंतं." मग म्हणाल्या, "तुमीच सांगतायसा न्हवं, बोटं असतील तिथं कंपनी जाती? मग तुमी या की हितं. तुमच्या मागं कुठं सासू हाय?"

 परत खासबागेत पोचल्यावर त्यांनी स्कूटर बंद केली. मी चमकून बघितलं. पुढच्या महिन्यात त्यांनी निपाणीत तंबाखूची एक जुनी वखार भाड्याने घेतली, चुना लावला, टेबलं मांडली आणि स्वतः मागच्या खोलीत राहायला गेले. आयुष्यभर खासबागेबाहेर ज्यांना झोप लागली नव्हती, ते! चुना कितीही लावला तरी भिंतीतली तंबाखू जाईना. अधिकारी पुन्हा पाहणीला आला तो शिंकत शिंकत सगळ्या कागदांवर सह्या करून गेला. आक्का म्हणाल्या, "दर पाहणीला असाच शिंकंना का, लांबनं बघंल."

ऑर्डर चालली, आणि मग एके दिवशी थांबली. दोन ओळींचा मेल आला. तो मीच त्यांना फोनवर मराठीत वाचून दाखवला. ती कॉइल आता दुसऱ्या देशात मशीनवर होणार होती. मला वाटलं, भाऊजी खचतील. ते म्हणाले, "जाणारच वैनी. त्यांच्या जागी मी असतो तर मी बी गेलो असतो."

"मग आता तुम्ही खासबागेत परत या. घर आहे, माणसं आहेत."

फोनवर त्यांच्या मागे वखारीतल्या बायकांचा गलका ऐकू येत होता. त्यातूनच ते म्हणाले, "मी कंपनी न्हाय की वैनी."

गेल्या आठवड्यात किल्ली द्यायला आले तेव्हा त्यांनी माझ्याकडे खुर्चीत बसून चहा घेतला. बाहेर स्कूटर बंद होती. पुढ्यातली कपबशी त्यांनी उलटी केली नाही, हे मला मुळीच आवडलं नाही.

खासबागेतल्या त्या खोलीत आता शिंप्याचं दुकान येणार आहे. वखार चालू आहे. मागाचे डबे तिथेच होतात, थोडे होतात. कागलहून पत्रा येतो. निपाणीत बोटं आहेत, आक्कांचीही. भाऊजी तिथे आहेत. आणि वस्तू उलटी करून बघायला इथे मी आहे.