पंखा बंद करणाऱ्या बाई

बाई खोलीत शिरल्या की आधी पंखा बंद करायच्या. मे महिना असो, देवळी गावच्या रस्त्यावर दुपारी चिटपाखरू नसो, समोर पाहुणा रुमालानं मान पुसत बसलेला असो. बटण खाली जायचं आणि बाई म्हणायच्या, "आता बोलू नका. जळू द्या."

जळत असायची मेणबत्ती. काचेच्या ग्लासात मेण ओतून, मधोमध वात सोडून केलेली. स्टुलावर ठेवलेली. बाई तिच्यासमोर पाटावर बसायच्या, पदरानं घाम टिपायच्या आणि ज्योतीकडे बघत राहायच्या, एखाद्या पोराचं पाठांतर ऐकत असल्यासारख्या.

गल्लीतल्या एक मावशी एकदा दारातून डोकावल्या. लाईन गेली का, असं विचारलं. बाई म्हणाल्या, आहे. मग मेणबत्ती कशाला? तर पाहून राह्यली. अन् पंखा काऊन बंद? तर पंख्यानं ज्योत हालते. मावशी तशाच वळल्या आणि गल्लीभर सांगत सुटल्या की बाईले ऊन लागलं.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. नोकरी संपल्यावर कोणी देवळात रमतं, कोणी नातवंडांत. आमच्या बाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्या आणि मेणबत्त्यांत शिरल्या. यजमान आधीच गेलेले, मुलगा पुण्याला. मोबाईलवर कुठंतरी बघितलं आणि सुचलं म्हणे. मी त्यांच्या घराला लागून दोन खोल्यांत भाड्यानं राहत होते. माझं माहेर केळझरकडचं. आठवीनंतर शाळा सुटली, कारण आई अंथरुणाला खिळली आणि धाकट्या बहिणींना बघायला कोणी नव्हतं. त्यामुळे बाईंच्या घरात शिरताना मला उगाच वर्गात शिरल्यासारखं व्हायचं. छाती धडधडायची.

तशी माझी छाती कशानंही धडधडते. त्या काळी मी गॅस बंद केला का ते बघायला पुन्हा पुन्हा घरी जायचे. बाईंनी पातेल्यात मेण वितळायला ठेवलं की मी पाण्याची बादली भरून आणायची. पहिल्याच दिवशी त्या हसल्या. म्हणाल्या, "मेणावर पाणी नको टाकजो, भडकते. ताट घेऊन बस. पेटलं तं झाकजो." मग मी ताट मांडीवर घेऊन बसू लागले. लोकांना माझ्या भित्रेपणाचा कंटाळा यायचा. बाई मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, या कामाले अशीच भेदरट बाई पाह्यजे. माझ्या भीतीचा कोणाला उपयोग झाला, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

सुरुवातीच्या वाती आम्ही चुकवल्या. आपल्याकडे बायकांना वात वळायला काय शिकवायचं? घरोघरी कापूस, निरांजनासाठी वाती वळणं हातात मुरलेलं. बाईंनी गल्लीतल्या बायका जमवल्या. गप्पा झाल्या, चहा झाला, आणि मांडीवर वळलेल्या वातींचा डबा भरला. त्यातली एक मेणात सोडली. निरांजनात तुपावर कशी शांत जळते तशी जळेल, असं सगळ्यांनाच वाटलं. ती भसाभसा मेण प्यायली, ज्योत वीतभर झाली, देवाच्या फोटोमागची भिंत काळी पडली आणि ग्लास टचकन तडकला. मी ताट टाकलं म्हणून बरं. मावशी म्हणाल्या, "बाई, हे मेणबत्ती नाई, होळी आहे." सगळ्यात जास्त बाईच हसल्या.

मेणबत्तीला वळलेली वात चालत नाही, सुताची विणलेली लागते, हे त्यानंतर कळलं. तीन पदरांची वेणी. ती मीठ आणि टाकणखाराच्या पाण्यात भिजवायची, वाळवायची, मग मेणात बुडवून ताठ करायची. वेणी घालणं मला येत होतं. बहिणींच्या केसांनी माझ्या बोटांना तेवढं शिकवलं होतं. वेणी घट्ट घातली की वात मेण कमी पिते, ज्योत बारीक राहते. सैल घातली की जास्त पिते. बाई सांगायच्या, आज जराशी सैल घाल. मी बोटं सैल करायची. हे काम वर्गातल्यासारखं नव्हतं. इथं मला धडधडायचं नाही.

मेणाचं वेगळंच. बाईंना सोयाबीनचं मेण वापरायचं होतं. वावरात सोयाबीन आपलं आणि मेण नागपूरहून पार्सलनं मागवायचं, याचा त्यांना राग यायचा. पण ते मेण नरम. मे महिन्यात गच्चीवरच्या टिनाच्या खोलीत ठेवलं तर दुपारपर्यंत त्याचं तूप व्हायचं आणि वात आडवी पडायची. म्हणून त्यात पांढऱ्या साध्या मेणबत्तीचं मेण मिसळलं. मग मधाच्या पोळ्याचं मेण थोडं घातलं, ते कडक. कमी घातलं तर वितळायचं, जास्त घातलं तर विहीर पडायची. विहीर हा बाईंचाच शब्द. ज्योत मधलं तेवढंच मेण वितळवते आणि खाली खाली जाते, कडेचं मेण भिंतीसारखं उभं राहतं. चांगल्या मेणबत्तीचं वितळलेलं मेण हळूहळू पसरत ग्लासाच्या काठाला चारी बाजूंनी लागलं पाहिजे. बाई त्याचीच वाट बघत बसायच्या. "काठाले लागलं का?" हे त्यांचं दुसरं वाक्य.

आणि मग माझी परीक्षा. "सांग, कशी आहे?"

मी म्हणायची, चांगली आहे.

"चांगली म्हंजे काय व? मी काय तुले मार्क मागून राह्यली? काय दिसते ते सांग."

मला सांगता यायचं नाही. दिसत तर होतं सगळं. पण आपण वाईट बोललो आणि समोरच्याला लागलं तर? आपण चुकीचं बोललो तर? शिकलेल्या बाईसमोर आठवीतल्या बाईनं काय सांगावं? बाई थांबायच्या. पोराला उत्तर आठवेपर्यंत थांबण्याची सवय होती त्यांना. मग पुन्हा ज्योतीकडे बघायच्या.

मुलानं पुण्याला फ्लॅट घेतला, तेव्हा वास्तुपूजनाला आलेल्यांना देण्यासाठी बाईंनी मेणबत्त्या केल्या. मोगऱ्याचा वास, ग्लासाला लाल रिबीन. खोक्यात भरून तयार. एक उरली होती ती आम्ही लावली. काठाला लागलं, विहीर नव्हती. बाई खुश होत्या. मी ग्लासाला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. वात जास्त सैल झाली होती. ज्योत एका बाजूला झुकून काच भाजत होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "बाई, ह्या देऊ नका. ग्लास फुटन कोणाच्या घरी."

बाईंनी ग्लासाला बोट लावून बघितलं. खोकं ओढलं, रिबिनी सोडल्या, आणि संध्याकाळपर्यंत सगळं मेण पुन्हा पातेल्यात. पुण्याला त्या पेढे घेऊन गेल्या. परत आल्यावर गल्लीत ज्याला त्याला माझ्याकडे बोट दाखवून सांगायच्या, "हिनं मले नापास केलं." हे सांगताना त्यांचा चेहरा तुम्ही बघायला पाहिजे होता. लेकीचं लग्न ठरल्यासारखा.

मग माझ्या नवऱ्याला हरिद्वारच्या बाजूला कारखान्यात काम लागलं. मी रडले. तिथली हिंदी वेगळी, माणसं वेगळी, मी दिवसभर बंद खोलीत करणार काय? बाई म्हणाल्या, मेणबत्त्या करशील. तिथं गंगेवर बाहेरगावचे लोक येतात, दुकानं आहेत, कोणीतरी घेईल. वर्ध्याच्या स्टेशनवर सोडायला त्या देवळीहून एसटीनं आल्या होत्या. गाडीत चढताना माझ्या हातात वातींची पिशवी दिली. मेण तिथं भेटन, वाती आपल्या ने, म्हणाल्या.

इथं आल्यावर हिवाळ्यात मी बाईंच्याच मापानं मेणबत्त्या केल्या. घाटाजवळच्या एका दुकानदारानं नमुना मागितला होता. ठीक निघाल्या तर नेहमी घेईन, म्हणाला होता. सकाळी बघते तर मेण आक्रसून काचेपासून सुटलेलं, वर भेगा. लावल्या तर खोल विहीर. आमच्या उन्हासाठी कडक केलेलं ते मेण, या थंडीत दगड झालं होतं. मी बाईंना फोन केला आणि रडत विचारलं, आता काय मिसळू?

बाई तेव्हा पुण्याला मुलाकडे होत्या. डोळ्यांनी दिसेनासं झालं होतं, म्हणून मुलानं देवळीचं घर बंद करून नेलं होतं. म्हणाल्या, "मी काय सांगू? मी जलमात कधी अशी थंडी पाह्यली नाई. तूच पाहून राह्यली. तू सांग मले."

मला राग आला होता, खरं सांगते. एवढ्या लांब एकटी, आणि बाई हात झटकतात असं वाटलं. पण दुसरं कोणी नव्हतंच. मी पोळ्याचं मेण कमी केलं. अजून कमी केलं. ओतण्याआधी ग्लास चुलीजवळ ठेवून कोमट केले. वेणी सैल घातली, मग काच भाजेल म्हणून किंचित आवळली. दर वेळी बाईंना फोन. त्या "हं" म्हणायच्या. "चांगली" म्हटलं की फोनवरही थांबायच्या, मी पुढचं बोलेपर्यंत.

बाई होळीच्या आधी गेल्या. मुलाचा फोन आला. मला जाता आलं नाही. इथून पुणे किती लांब आहे ते नकाशात एवढं दिसत नाही.

त्याच्या थोडं आधीची एक दुपार सांगते. बाहेर धुकं, ऊन नाही. मी खिडकी लावून घेतली, नवीन मेणबत्ती लावली आणि बाईंना फोन लावला. सुनेनं त्यांच्या कानाशी धरला. बाईंचा आवाज बारीक झाला होता. मी सांगू लागले. ज्योत सरळ आहे. अर्ध्या बोटाएवढी. धूर नाही. ग्लास गरम आहे, पण हातात धरता येतो.

"काठाले लागलं का?"

"डाव्या बाजूनं लागलं, बाई. उजवीकडं अजून बोटभर आहे."

"मंग थांबू."

आम्ही थांबलो. मी फोन स्टुलावर ज्योतीजवळ ठेवला. तिकडून कुकरची शिट्टी ऐकू आली, कोणाची तरी गाडी, बाईंचा श्वास. मेण हळूहळू सरकत होतं. शेवटी उजवीकडून काचेला टेकलं.

मी म्हटलं, "लागलं, बाई. चारी बाजूनं लागलं."

सून बोलली. आई झोपल्या म्हणे, उठवू का? मी म्हटलं नको, झोपू द्या, नंतर सांगा.

दुसऱ्या दिवशी सुनेनं बाईंचा आवाज रेकॉर्ड करून पाठवला. खोकून, थांबून त्या म्हणत होत्या, "लागलं म्हणते तं मंग दुसरी लाव. एक तं कोणाचीबी जळते."

मेण संपलं होतं. ते मागवलं, यायला वेळ लागला, मध्ये नवऱ्याला ताप आला. मेण आलं तोवर बाई नव्हत्या. दुकानदार नमुना विचारत होता. मी त्याच मापानं दुसरी केली, रात्रभर थंड होऊ दिली, सकाळी खिडकी लावून पेटवली. समोर बसले. फोन हातात घेतला आणि खाली ठेवला.

मग मीच बोलले, खोलीत कोणी नसताना. ज्योत सरळ आहे. धूर नाही. ग्लास हातात धरता येतो. डावीकडं लागलं, उजवीकडं अजून बोटभर आहे.

आणि थांबले.