शेवटी काय लावायचं?

सिग्नलला आमच्या स्कूटरशेजारी शववाहिका येऊन थांबली. आत घरघरत्या स्पीकरवर रामधून चालू होती, जाणाऱ्या प्रत्येकाला लावतात तीच. मी मागे बसलेल्या बायकोला म्हटलं, "माझ्या वेळी हे लावू नकोस हं."

"मग काय लावू?" तिचा आवाज एकदम कोरडा झाला. माझ्या खांद्यावरची तिची पकड घट्ट झाली.

सिग्नल सुटला. आवडती गाणी एकेक करून आठवली, पण त्या दिवसासाठी एकही पटेना. घरी आल्यावर ती पोळ्या लाटायला लागली. एरवी लाटताना ती गुणगुणते. आज नुसता पोळपाट वाजत होता. मला काय ऐकत जायचंय ते तेव्हा कळलं. आणि त्या दिवशी घरात नेमकं तेच नसणार, हेही.